पुडा चुकवणारं पुस्तक

रुख्मिणीबाईच्या मते पुस्तकं दोनच प्रकारची. एक, ज्याच्यापायी पुडा चुकतो, आणि दुसरं, ज्याच्यापायी चुकत नाही. हे दुसऱ्या प्रकारचं पुस्तक ती बाजाराच्या दिवशी सालेकसाच्या वाचनालयात परत न्यायची, टेबलावर आपटायची आणि तिथल्या उमेंद्रला बजावायची, "हे कोणाले देऊ नको बापा. वाचणाऱ्याचा तळतळाट लागंल तुले." उमेंद्र बिचारा ते मुकाट्यानं मागच्या कपाटात सारायचा. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे तो एका हंगामातच शिकला होता.

आता पुड्याचा आणि पुस्तकाचा काय संबंध, हे बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. मे महिन्यात बिडीच्या तेंदूपानाचा हंगाम लागला की गाव सकाळी जंगलात असतं आणि दुपारी अंगणात. तोडून आणलेली पानं सावलीला बसून जुळवायची, सत्तर पानांची चळत झाली की सालीच्या दोरीनं आवळायची, हा झाला एक पुडा. ऊन कललं की सगळे पुडे डोक्यावर घेऊन फळीवर जायचं. फळी म्हणजे ठेकेदाराची पानं घ्यायची जागा. तिथला मुन्शी ढिगातून मनाला येईल तो पुडा उचलतो आणि पानं मोजतो. कमी भरली की त्याचं तोंड सुटतं. बांधणारे मात्र तोंडानं मोजत नाहीत, सवयीनं त्यांची बोटंच मोजतात. म्हणजे दुपारभर हात गुंतलेले आणि कान मोकळे.

हे मोकळे कान पहिल्यांदा कोणाला खटकले असतील तर दुर्गेश्वरीला. ही रुख्मिणीबाईची धाकटी जाऊ. अक्षर एक ओळखीचं नाही, पण गोष्टींची भूक अशी की पुडीचा कागदही कोणाकडून तरी वाचून घेईल. तिनंच एका दुपारी फर्मान काढलं, "बाई, तू कायले पानं जुळवतेस? तू वाच. तुझे पुडे आमी बांधतो." तेव्हापासून त्या अंगणात रिवाज पडला. वाचणारीनं पानाला हात लावायचा नाही, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकानं आपल्यातले काही पुडे तिच्या ढिगात टाकायचे. दुर्गेश्वरी गेली, रिवाज राहिला.

त्यातूनच रुख्मिणीबाईला आपलं माप सापडलं. गोष्ट भीतीची असली आणि खरंच भीती वाटली, तर बांधणाऱ्याचा हात घाईनं गाठ मारतो, आणि पुड्यात पानं कमी भरतात. गोष्ट हसण्याची असली तर गाठी ढिल्या पडतात. गोष्ट रटाळ असली तर सगळे पुडे कसे अगदी नेमके, मुन्शी खूश. त्या मुन्शीलाही हे इतकं माहीत झालं होतं की दोन पुडे हलके लागले की तो पानं मोजायच्या आधी विचारायचा, "आज कोणतं पुस्तक होतं, बाई?"

भयकथेबद्दल तिचं म्हणणं ठाम होतं. अमावास्या, घुबड, पडकं घर आणि भिंतीवरून ओघळणारं रक्त, एवढं सामान पहिल्याच पानावर मांडणाऱ्या लेखकाला ती 'बिछायतवाला', म्हणजे लग्नाचा मांडव घालणारा, म्हणायची. "मांडवच मांडून राहिला. नवरदेव कोठी आहे?" तिच्या मते अंधारात कोणीही घाबरतं, त्यात लेखकाचं काय कौतुक? भेव लागावा तर भरदुपारी, चुलीशी, आपल्या माणसांत बसून. रहस्यकथेत खुनी शेवटच्या पानावर बाहेरगावाहून आला की ती पुस्तक मिटून नवऱ्याकडे फेकायची. तिचे यजमान दुधराम गोष्ट सुरू झाली की डुलक्या घ्यायचे आणि संपली की जागे होऊन विचारायचे, "मंग मारलं कोणं?" आणि लघुकथा? शेवट अर्धा सोडून 'वाचकांनी समजून घ्यावं' म्हणणाऱ्या कथांवर तिचा फार राग. "अर्धी भाकर वाढाची आन म्हणाचं, बाकीची समजून घ्या!" शेजारची शामकला यावर इतकी हसायची की तिच्या पुड्यांच्या गाठी सुटायच्या.

या अंगणात एकाच माणसाचा पुडा कधी चुकला नव्हता. मनिराम, रुख्मिणीबाईचा धाकटा दीर, दुर्गेश्वरीचा नवरा. कितीही भयंकर गोष्ट असो, खून पडोत की मढी उठोत, मनिरामचे पुडे सत्तरचे सत्तर. मुन्शी त्याचा ढीग मोजतच नसे. तो गोष्ट ऐकतो की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हतं, कारण गोष्टीबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला नाही. तसा तो कशाबद्दलच फार बोलत नसे. दुर्गेश्वरी गेल्यापासून तर तिचं नावसुद्धा त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

ती गेली तीही अशाच एका हंगामात. नवराबायको जोडीनं पानाला जायची. रुख्मिणीबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी घरी असायची. त्या दिवशी मनिराम गाठोडं घेऊन आधी आला आणि दुर्गेश्वरी मागून आलीच नाही. शोधायला गेलेल्यांना ती मोहाच्या झाडाखाली बसलेली सापडली, पानांच्या गाठोड्याला टेकून, झोप लागल्यासारखी. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. गाव मात्र दुसरंच म्हणालं. बायको मागं असताना हा समोर कसा आला, असं बाया विहिरीवर म्हणाल्या, माणसं पारावर म्हणाली. मनिरामनं कोणाला उत्तर दिलं नाही. त्याचा मुलगा वीरेंद्र तेव्हा शाळकरी होता. त्यालाही कोणी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

वीरेंद्रला पुढे रुख्मिणीबाईनंच वाढवलं. आता तो गोंदियात एका राइस मिलमध्ये हिशेब पाहतो, सणावाराला गावी येतो. बापलेकाचं बोलणं म्हणजे धानाला भाव काय आणि पाऊस कधी. त्यापलीकडे गाडी सरकत नाही. मोठीमायच्या, म्हणजे रुख्मिणीबाईच्या, अंगणात ऐकलेल्या गोष्टी मात्र पोराच्या अंगात मुरल्या होत्या. तो लिहायला लागला, मासिकांत छापून यायला लागला, आणि यंदा नागपूरच्या एका प्रकाशकानं त्याच्या भयकथांचं पुस्तक काढायचं ठरवलं.

तर मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी वीरेंद्र कागदांची चळत घेऊन आला. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मनिराम बैलांना पाणी दाखवायला गेला तसे त्यानं कागद रुख्मिणीबाईपुढे ठेवले.

"मोठीमाय, ही शेवटची कथा. प्रकाशक म्हणतात, हीच पुस्तकाची जान आहे. परवा फायनल सांगायचं आहे. तू एकडाव पाहून घे."

मग मोबाइलवर त्यानं पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवलं. पांढरं लुगडं, मोकळे केस, लाल डोळे, मागे चंद्र. वर नाव, 'तेंदूबनातली हडळ'.

"बिछायतवालाच दिसते तुझा प्रकाशक," रुख्मिणीबाई म्हणाली आणि चष्मा लावून वाचायला बसली.

चार पानं वाचून होईस्तोवर तिच्या तोंडाचं पाणी पळालं. कथेत नवराबायको पानाला जातात. परतताना बायको मागे पडते आणि हाक मारते, "थांबा ना जी." नवरा ऐकतो, पण थांबत नाही. बायको जंगलातच राहते, कायमची. त्यानंतर दर हंगामात, भरदुपारी, पानं तोडणाऱ्यांना मागून हाक येते, "थांबा ना जी." लोक जीव घेऊन पळतात. जो घाबरत घाबरत का होईना थांबतो, त्याच्या गाठोड्यात घरी आल्यावर त्यानं तोडलेल्यापेक्षा जास्त पानं निघतात. शेवटी त्या बाईचा मुलगा मोठा होऊन जंगलात जातो. हाक येते. तो थांबतो, डोळे मिटतो, आणि त्याच्या पाठीवरचं गाठोडं हळूहळू जड होत जातं.

रुख्मिणीबाईनं कागद खाली ठेवले. आधी तिला राग आला, आणि चांगलाच आला.

"घरच्या बाईले हडळ करून इकून राहिलास का गा तू? दुर्गीनं जन्मात कधी केस मोकळे नाही सोडले, आन ह्या फोटोत पाह्य!"

"तो फोटो मी नाही काढला, मोठीमाय."

"आन हे 'थांबा' कोणं सांगतलं तुले?"

वीरेंद्रनं मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "गावच सांगते. शाळेत पोरं म्हणत, तुझ्या बापानं तुझ्या मायले सोडलं. मी बाबूजीले कधी विचारलं नाही. विचारू कसं?" मग आवाज उतरला त्याचा. "मले तिचा आवाज आठवत नाही, मोठीमाय. तोंड आठवते, हात आठवतात. आवाज नाही आठवत. म्हणून असं लिहिलं, का ती हाक मारते."

रुख्मिणीबाईनं कागद पुन्हा हातात घेतले. तिचा राग निवला आणि त्या जागी काळजी येऊन बसली. तिला स्वच्छ दिसलं की ही भुताची गोष्टच नाही. पोरानं बापाला जे आजवर विचारलं नाही, ते कागदावर विचारलं आहे. पुस्तक छापून आलं की गाव ते वाचणार, आणि बापाच्या कानावर ते पारावरून येणार. त्यानंतर या दोघांत धानाच्या भावाचंही बोलणं उरणार नाही.

"काढून टाकू का?" वीरेंद्रनं विचारलं.

"अंगणात वाचल्याशिवाय मी मत देत नाही. माहीत आहे तुले."

"अंगणात? बाबूजी बसले राहतेत तिथं!"

"म्हणूनच म्हणून राहिली. वाचलं तं ते उठून जातील, नाही तं तुले दोन शब्द बोलतील. आन नाही वाचलं तं तुमी दोघं असेच मराल, एकमेकांले तांदळाचा भाव विचारत. बोल, वाचू का नको?"

वीरेंद्र त्या रात्री नीट जेवला नाही. सकाळी पानाला निघायच्या आधी त्यानं नुसती होकाराची मान हलवली.

रुख्मिणीबाई तोंडाची फटकळ, पण दगाबाज नव्हे. जंगलातून परत आल्यावर मनिराम हातपाय धूत होता, तेव्हाच तिनं त्याला सांगून टाकलं. "भाऊजी, आज वीरूचं वाचणार आहो मी. त्यात दुर्गी आहे. बसाचं तं बसा, नाही तं बांधावर जाऊन या. कोणी काही म्हणणार नाही."

मनिरामनं गमछ्यानं तोंड पुसलं. खूप वेळ पुसलं. मग म्हणाला, "मंग पानं कोण बांधंल?" आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

दुपारची मालगाडी निघून गेली आणि वाचन सुरू झालं. शामकला पदर खोचून, घाबरायच्या तयारीनं बसली होती. दुधराम भिंतीला टेकले होते. वीरेंद्र बसला नाही, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. रुख्मिणीबाईनं एरवी ती आवाज लहानमोठे करून वाचायची तसं काही केलं नाही. सरळ वाचत गेली. तरी पहिल्या "थांबा ना जी"पाशी तिलाच खोकल्याचं निमित्त करून थांबावं लागलं.

मनिराम उठला नाही. त्याची मान खाली होती आणि हात चालू होते. डाव्या हातात चळत, उजव्या हातानं पान, पानावर पान. रुख्मिणीबाई ओळ संपली की चष्म्यावरून त्याच्याकडे पाहायची आणि पुढची ओळ घ्यायची. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांना भेव दाखवला, आज तिला स्वतःला भेव वाटत होता. तोही भरदुपारी, आपल्या माणसांत बसून.

गाठोडं जड होत गेलं आणि गोष्ट संपली. दुधराम चक्क जागे होते, आणि मारलं कोणं, हे त्यांनी विचारलं नाही.

शेवटी शामकलाच म्हणाली, "मले तं भेव नाही लागला बाई. मले वाटलं, उद्या पानाले गेली का मांगं वळून पाहीन." आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

सगळ्यांच्या नजरा मनिरामकडे गेल्या, आणि तेव्हा कुठे लोकांना दिसलं. त्याच्या मांडीवर एकच पुडा होता. गोष्ट सुरू झाल्यापासून तो त्यावर पानं ठेवतच गेला होता, गाठ मारायची त्याला सुचलीच नव्हती. चळत एवढी जाड झाली होती की एका हातात मावत नव्हती. तो ती दोरीनं आवळू पाहत होता आणि दोरी पुरत नव्हती. दोनदा आवळून पाहिलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

"वीरू," तो म्हणाला.

"जी, बाबूजी."

"थांबा, असं ती नाही म्हणाली."

वीरेंद्र चौकट सोडून पुढे आला.

मनिराम पानांकडे पाहूनच बोलत होता. "मी थांबलो होतो. तिच्या पायात काटा गेला होता, बसली होती. मी म्हणलं, काढून देतो, संगंच जाऊ. तं म्हणे, चाला तुमी समोर, पोरगा खेळून आला असंल, तुमच्याशिवाय जेवत नाही, भुकेला राहील. मी येऊनच राहिली मांगून." त्यानं वरचं पान सारखं केलं. "हासून म्हणाली. असंच म्हणे ती नेहमी. मी येऊनच राहिली."

वीरेंद्र बापाच्या बाजूला मातीतच बसला. त्याला एवढंच विचारता आलं, "तुमी कधी सांगतलं काऊन नाही?"

"तू भुकेला राहशील म्हणून मी समोर आलो, हे तुले सांगू? लहान होतास. जन्मभर जेवला नसतास."

वीरेंद्रनं मान गुडघ्यात घातली आणि तो रडला. मनिरामनं त्याला जवळ बिवळ घेतलं नाही, तसली सवयच नव्हती त्याला. त्यानं फक्त तो जाड पुडा उचलून पोराच्या हातात दिला आणि म्हणाला, "दोन्ही हातानं धर. मी दोरी जोडतो." मग बापानं दोरीला दोरी जोडली, पोरानं पानं दाबून धरली, आणि गाठ बसली.

रुख्मिणीबाईनं चष्मा पुसून परत लावला. रिवाजाप्रमाणे मत द्यायची वेळ झाली होती, आणि भीड भिकेची बहीण, हे तर तिचं पहिल्यापासूनचं ब्रीद.

"भयकथा म्हणून नापास," ती म्हणाली. "भूत आलं का ते कधी जाते, असं वाचणाऱ्याले वाटलं पायजे. इथं तं कोणालेच ती जावी असं वाटत नाही. त्या लाल डोळ्यांच्या पुस्तकात हे नको टाकू. येगळं ठेव. आन ते 'थांबा' काढ, बाबूजीनं सांगतलं ते टाक."

"मंग तिची हाक राहणार नाही, मोठीमाय. ती तं फक्त 'येऊनच राहिली' म्हणते."

"मंग तेवढंच राहू दे. तुले तिचा आवाजच तं पायजे होता."

वीरेंद्रनं तिथंच बसून प्रकाशकाला फोन लावला. प्रकाशक पलीकडून बराच वेळ बोलत होता, पुस्तकाची जानच काढून घेता म्हणाला असणार. वीरेंद्र हिंदीत एवढंच म्हणाला, "नहीं सर, वो कहानी नहीं दूँगा. बाकी सब छाप दो." फोन ठेवून त्यानं खिशातलं पेन काढलं आणि बापाला विचारलं, "कसं म्हणे ती, एकडाव सांगा." मनिरामनं सांगितलं. त्यानं लिहिलं, आणि पुन्हा सांगायला लावलं. बापानं पुन्हा सांगितलं.

ऊन कललं तसे सगळे फळीवर निघाले. वीरेंद्रनं बापाच्या डोक्यावरचा भारा स्वतःकडे घ्यायला हात पुढे केला, तर मनिराम म्हणाला, "चाल तू समोर. मी येऊनच राहिलो मांगून." हे तोंडातून गेल्यावर तो स्वतःच थबकला. वीरेंद्रही थबकला. मग वीरेंद्र म्हणाला, "नाही बाबूजी, संगंच जाऊ," आणि दोघं एकमेकांच्या पावलानं चालत गेले. रुख्मिणीबाई मागून येत होती, तिनं मुद्दाम अंतर ठेवलं.

मुन्शीनं मनिरामचा ढीग न मोजता बाजूला सारायला घेतला आणि त्याच्या हाताला तो जाडजूड पुडा लागला. त्यानं तो उचलून पाहिला, उलटा करून पाहिला, मग मनिरामकडे पाहिलं.

"हे काय जी, मनिरामभाऊ? तुमचा पुडा चुकला? कोणतं पुस्तक होतं आज?"

"पुस्तक नाही झालं अजून," मनिराम म्हणाला. "माझ्या पोराचं आहे."

मुन्शी जास्तीची पानं काढून परत द्यायला लागला, तेव्हा मनिरामनं त्याचा हात धरला.

"राहू द्या जी, सोडू नका," तो म्हणाला. "आमी दोघांनं बांधला आहे."